क्लोरीन उन्हात उडतंय की पाण्यात खपतंय?

सकाळी क्लोरीन टाकलं, संध्याकाळी टेस्ट किटमध्ये रंगच येईना, म्हणून आणखी ओतलं. घरच्या स्विमिंग पूलमध्ये हे सुरू झालं की कॅन रिकामे होत राहतात आणि आकडा काही स्थिरावत नाही. आधी क्लोरीन जातंय कुठे, ते शोधा.

त्याला एक रात्र पुरते. सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका, तासभर पंप चालवा आणि फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन, मोजा. पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. 1 पीपीएमपेक्षा (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) जास्त उतरलं असेल तर पाणी कितीही नितळ दिसो, त्यात शेवाळ किंवा सेंद्रिय मळ आहे. रात्रभर टिकून दिवसा गायब होत असेल तर ते ऊन खातंय, म्हणजे बहुधा स्टॅबिलायझर कमी आहे.

स्टॅबिलायझर म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात निम्मं क्लोरीन तासाभरातच जातं. प्रमाण 30 ते 50 पीपीएम ठेवा. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पूलमध्ये 40,000 लिटर पाणी मावतं. शून्यावरून 30 वर न्यायला 1.2 किलो लागेल. जुन्या पायमोज्यात भरून, फिल्टरचं पाणी परत येतं त्या तोंडासमोर लटकवा आणि अधूनमधून तो पायमोजा दाबत राहा. विरघळायला वेळ लागतो, त्यामुळे आठवडाभर तरी नवा आकडा खरा धरू नका.

जास्त झालं तर मात्र पंचाईत. स्टॅबिलायझर जितकं अधिक, तितकं क्लोरीन बांधून ठेवलं जातं. साधा हिशोब असा: फ्री क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही. 40 ला किमान 3, 100 ला साडेसात. आणि स्टॅबिलायझर वाढतं गुपचूप, ट्रायक्लोरच्या (स्टॅबिलायझर असलेलं घन क्लोरीन) टॅब्लेटमधून. त्यातून 10 पीपीएम क्लोरीन आलं की सोबत 6 पीपीएम स्टॅबिलायझर येतं. रोज 2 पीपीएम टॅब्लेटवर भागवलं तर महिन्यात 36 ची भर! क्लोरीन खपतं, हे खपत नाही. 100 वरून 50 वर यायचं तर निम्मं पाणी काढून नवं भरावं लागतं. म्हणून टॅब्लेट चार दिवस बाहेर जाताना ठीक. रोजच्याला लिक्विड क्लोरीनच बरं.

10 टक्क्यांचं लिक्विड असेल तर 10,000 लिटरला 100 मिली टाकल्यावर 1 पीपीएम वाढतं. वरच्या पूलला 400 मिली. ते संध्याकाळी, पंप चालू असताना टाका. कॅन सावलीत ठेवा. जुन्या कॅनमधलं लिक्विड फिकं पडतं, तेव्हा लेबलवर नाही, टाकल्यानंतरच्या मोजणीवर विश्वास ठेवा. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये असू द्या.

रात्रीच्या चाचणीत घट आली असेल तर रोजच्या मात्रेने भागणार नाही. स्टॅबिलायझरच्या सुमारे 40 टक्क्यांपर्यंत क्लोरीन चढवा: 40 असेल तर 16 पीपीएम. 4 वरून 16 ला जायला वरच्या पूलमध्ये 4.8 लिटर लिक्विड लागेल. भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासा, शिडीच्या मागचा भाग विसरू नका, पंप बंद करू नका. दिवसातून दोन-तीनदा मोजून आकडा पुन्हा 16 वर आणा. एकदाच शॉक देऊन, म्हणजे भरपूर क्लोरीन एकदम ओतून, सोडलं तर उरलेलं शेवाळ परत उठतं. रात्रीची घट 1 च्या आत आणि कंबाइन्ड क्लोरीन (मळाशी जोडलं गेलेलं) अर्ध्या पीपीएमच्या खाली आलं, पाणीही नितळ झालं, की थांबा. आकडा नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत कुणी पाण्यात उतरू नये.

या काळात डीपीडी किट, म्हणजे क्लोरीन असलं की नमुना गुलाबी करणारं टेस्ट किट, हमखास फसवतं. क्लोरीन 10 च्या वर गेलं की नमुना क्षणभर गुलाबी होऊन पांढरा पडू शकतो. बघणाऱ्याला वाटतं शून्य आहे, आणि तो आणखी ओततो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजा आणि आकडा दुप्पट करा. तरीही पांढराच पडला तर आणखी पातळ करा.

टॅब्लेट स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारी पेटी) ठेवू नका. पंप बंद असताना तिथे साचलेलं आम्लधर्मी पाणी पुढे पंप आणि हीटरचं धातूकाम खातं. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र ओतू नका, विषारी वायू निघतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटला (दुसऱ्या प्रकारचं घन क्लोरीन) एकच डबा, एकच माप वापरू नका: दोन्ही मिसळले तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो.