शाळेतला नाताळ: इंग्रजीच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

डिसेंबर लागला की शाळेत नाताळच्या कार्यक्रमाचा विषय निघतो आणि तो इंग्रजीच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातल्या शाळेत मी बरीच वर्षं हे काम करते आहे. घाटावरून नव्याने आलेले शिक्षक दरवर्षी त्याच त्या अडचणी घेऊन येतात. त्यातल्या बहुतेक चुका मीही केल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानभर इंग्रजी संवाद लिहून मुलांकडून घोकून घेणं. एक शब्द अडला की मूल गप्प होतं, आणि त्याच्या पुढचं मूलही आपली पाळी आली हे न कळल्यामुळे गप्प राहतं. आता मी आधी येशूजन्माचं सगळं नाटुकलं मालवणीत करून घेते. कोण कोणाला काय सांगतंय हे एकदा अंगात भिनलं की मग इंग्रजी वाक्यं देते, एका मुलाला तीनच, तीही त्याला स्वतःहून म्हणता येतील अशी.

उच्चाराकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष देऊन भागत नाही. एका वर्षी मेंढपाळ झालेल्या माझ्या मुलाने 'शीप' म्हणजे मेंढ्या म्हणायच्या, तर छाती काढून 'वुई हॅव टेन शिप्स', म्हणजे दहा जहाजं, असं सांगितलं. मच्छीमाराचं पोर ते, रोज डोळ्यांसमोर होड्या; मेंढ्या आमच्या किनाऱ्यावर दिसतात कुठे? शिवाय मराठी बोलताना आपण ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई फारशा वेगळ्या काढत नाही, त्यामुळे कानालाच तो फरक लागत नाही. तेव्हा आधी कान तयार करा. एका कागदावर मेंढी, दुसऱ्यावर जहाज काढा. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी बरोबर चित्राकडे बोट दाखवायचं. रोज पाच मिनिटं केलं तरी आठवड्यात फरक ऐकू येतो. 'मेरी ख्रिसमस'मधला 'मे' तोकडा, येशूच्या आईच्या 'मेरी' (Mary) या नावातला लांब. तोही असाच शिकवता येतो. 'वाइज मेन' (बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी पुरुष) म्हणताना ओठांचा चंबू करायचा, दात ओठाला लावायचे नाहीत.

गाणं निवडताना घाई होते. 'जिंगल बेल्स' सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. 1857 साली छापलेल्या या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही, आहे ती बर्फावरून घोड्याने ओढत नेलेली घसरगाडी. हे चित्र दाखवल्याशिवाय मुलं नुसता आवाज काढतात. एकच कडवं घ्या, हातवाऱ्यांसह.

वर्गात एखादंच ख्रिस्ती मूल असेल तर त्याला न विचारता मरिया किंवा योसेफ, म्हणजे येशूचे आईवडील, करू नका, आणि 'तुमच्यात कसं असतं ते सांग' म्हणून सगळ्यांसमोर उभंही करू नका. ते बिचारं लाजून चूर होतं. आधी घरी जाऊन या. मला एका मुलीच्या आजीने सांगितलं, की त्यांच्याकडे गोठा आधीपासून सजतो, पण बाळ येशूची मूर्ती ठेवतात 24 तारखेच्या मध्यरात्री. आमचा कार्यक्रम 22 ला होता. आम्ही गव्हाण रिकामी ठेवली आणि ती का रिकामी आहे हे त्या मुलीने आपणहून दोन इंग्रजी वाक्यांत सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांत स्वच्छ इंग्रजी तिचंच होतं.

कोणी 'हा इंग्रजांचा सण' म्हणालं तर नाताळ हा शब्दच पोर्तुगीज आहे, हे सांगा. 1739 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली, शब्द मात्र आपल्या बोलण्यात राहिला. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही ऐकू येते.

तालमीच्या तारखा गावाला विचारून ठरवा. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात, मुलं रात्रभर दशावतार बघतात आणि सकाळी पेंगतात. त्या दिवशी ओरडून उपयोग नाही, तालीम सोडून द्या. पण दशावतारात काम करणारा कोणी पालक असेल तर त्याला बोलवा. माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे त्याच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

दुपारनंतर खारा वारा सुटतो. कापसाचा बर्फ उडतो, माइकमध्ये घोंघावतं. रंगमंचाची पाठ समुद्राकडे करा, माइकला स्पंज लावा. सांताची दाढी गोंदाने चेहऱ्यावर चिकटवू नका. घामाने सुटते आणि कातडी लाल होते. कानामागे इलॅस्टिक पुरतं.

खाऊ मार्गशीर्षातल्या गुरुवारी येत नाही ना, हे कॅलेंडरात बघा. त्या दिवशी अंड्याचा केक कित्येक घरांतली मुलं हातात घेऊन नुसती उभी राहतात. नारळाच्या वड्या सगळ्यांना चालतात.

चांदण्या विकत आणू नका. दिवाळीचे चांदणीचे आकाशकंदील घरोघरी माळ्यावर असतात, मागितले की मिळतात. फक्त प्रत्येकावर मुलाचं नाव लिहून ठेवा, म्हणजे 26 तारखेला कोणाचा कंदील कोणाकडे गेला याची शोधाशोध होत नाही.