पन्हाळा ते पावनखिंड, मैत्रिणींबरोबर तीन दिवसांत

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट बहुतेक जण दोन दिवसांत मारतात, तीही जुलैत, मोठ्या जथ्यात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज भर पावसात निसटले ती १६६० च्या आषाढातली रात्र, तिची आठवण म्हणून ते चालणं असतं. एकदा तरी तसं चालावंच. पण चार मैत्रिणी मिळून चालायचं, रानफुलं बघायची, वाडीवर निवांत जेवायचं, वर्षभराचं बोलून घ्यायचं असेल, तर तिसरा दिवस काढा. वाट ढोबळमानानं पन्नासेक किलोमीटरची आहे. दोन दिवसांत करायची म्हटली की रोज पंचवीस पडतात आणि वाडीवर पोचेपर्यंत अंधार होतो. मग जेवण उरकायचं आणि आडवं व्हायचं. त्यात सहलीचं सुख कुठलं?

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत शिवणाचं दुकान आहे. गौरी-गणपतीची गडबड संपली की म्हाळ, म्हणजे पितृपक्ष, लागतात, आणि त्या पंधरवड्यात कुणी नवीन कापड शिवायला टाकत नाही. आमचं जाणं तेव्हाच ठरतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि मसाई पठारावर फुलं असतात. तेरडा, सोनकी आणि कातळावरच्या पातळ मातीत उगवणारी निळी-जांभळी इवली फुलं. उतारावरची भातं पोटरीला आलेली असतात. जुलैतला चिखल आणि जळवांचा त्रास बराच कमी झालेला असतो, संपलेला नसतो. मिठाची पुरचुंडी वरच्या खिशात ठेवाच.

आता कपडे. यात मला कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुती सलवार किंवा जीन्स घालून या वाटेला लागू नका. सुती कापड भिजलं की दिवसभर वाळत नाही, आणि मांडीच्या आत जिथं चार शिवणी एकत्र येतात तिथं जाड गाठ होते. ती गाठ दहा किलोमीटर घासली की कातडं सोलून निघतं. दुकानात ट्रॅक पँट घेताना आधी उलटी करून बघा. आतली शिवण बोटानं चाचपा. ती चपटी हवी, आणि बैठकीला वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर फारच उत्तम, कारण मग शिवणी एका जागी गोळा होत नाहीत. असेल त्याच पँटीला आमच्यासारख्या कुणाकडूनही असा तुकडा बसवून घेता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. निघताना मांड्यांना आणि टाचांना वेसलिन चोळा. ब्राच्या पट्ट्यावर सॅकचा पट्टा येतो, तिथंही लावा.

रेनकोट घेताना खांद्याची शिवण बघायची. आतून टेप लावलेली नसेल तर कापड कितीही चांगलं असू दे, सुईच्या भोकांतून पाणी आत येतं. पोंचो स्वस्त पडतो आणि सॅकही झाकतो, पण पठारावर वारा लागला की तो उडून तोंडावर येतो. कमरेला एक नाडी बांधली की भागतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळे कपडे तिच्यात ठेवा. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका. एक कोरडा जोड असा ठेवायचा की तो फक्त मुक्कामावर घालायचा. सकाळी ओला जोड अंगावर चढवणं जिवावर येतं, तरी तोच घालायचा.

बूट नवे नकोत. निदान महिनाभर रंकाळा तलावाभोवती फेऱ्या मारून मुरवलेले हवेत. पायाला कुठं चुरचुरलं की तिथल्या तिथं थांबा, मोजा काढा आणि कापडी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टी लावून उपयोग नसतो. थांबायला लाजणारी मैत्रीण दुसऱ्या दिवशी लंगडते, म्हणून थांबायचं असं सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावं.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. आदल्या संध्याकाळी गडावर राहायला गेलात तर पहाटे निघता येतं, आणि निघायचं ते पहाटेच. त्याचं कारण मसाई पठार. राजदिंडी या गडावरच्या जुन्या वाटेनं खाली उतरलात की तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि मग पठाराचा चढ. वर सगळा उघडा जांभा, एकामागून एक टप्पे, आडोसा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात आणि गडगडाटासकट पाऊस पडतो. त्या वेळी पठारावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. त्यामुळे मसाई देवीचं दर्शन घेऊन, फुलं बघून, डबा खाऊन दुपारी एकच्या आत पलीकडं उतरायला लागायचं. त्या आधीच गडगडू लागलं तर सरळ खोलगट भागाकडं उतरा. एकट्या झाडाखाली थांबू नका, एकमेकींत अंतर ठेवा.

धुकं आलं तर मात्र उलट करायचं, एकत्र उभं राहायचं. पठारावर गुरांच्या वाटा इतक्या आहेत की प्रत्येकीला वेगळी वाट खरी वाटते. गुरांची वाट पाण्याकडं जाते, वाडीकडं जाईलच असं नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. तरीही पहिल्यांदा जात असाल तर वाडीतला एक जाणता माणूस बरोबर घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी बोलून ठेवा.

पहिला मुक्काम खोतवाडीच्या आसपास करा. दोन दिवसांत जाणारे पुढं करपेवाडी-आंबेवाडी गाठतात, तुम्हाला ती घाई नाही. दुसऱ्या दिवशी मांडलाईवाडी, करपेवाडी करत आंबेवाडी ओलांडा आणि पुढच्या एखाद्या वाडीत थांबा. हा दिवस मला सगळ्यांत आवडतो. जंगलाचे पट्टे, मधेच भाताची खाचरं, ओढे, आणि कुठल्याही घरासमोरून गेलं की "या की, च्या घेऊन जावा" ही हाक. तीन दिवसांचा बेत असेल तर त्या हाकेला थांबता येतं.

जेवणाचं आधी फोनवर ठरवा. किती जणी, कधी पोचणार, शाकाहारी किती. ऐनवेळी दहा जणी दारात उभ्या राहिल्या तर त्या घरातल्या वहिनीला पिठापासून तयारी करावी लागते. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, आमटी, भात, खर्डा एवढं मिळतं आणि चालून आल्यावर ते पोटभर जातं. कोंबडीचा आग्रह धरू नका. पैसे ठरलेले द्या, घासाघीस करू नका, आणि जिनं चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या तिच्या हातात द्या. जाताना अर्धा किलो चहापत्ती आणि साखर नेली तर ती खरी उपयोगी पडते. पोरांना चॉकलेटं वाटत जाऊ नका. त्याचे कागद महिनोन् महिने वाटेवर दिसतात.

दुपारसाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग न्या. प्रत्येकीच्या खिशात गूळ आणि भाजके शेंगदाणे हवेत, आपल्या कोल्हापुरी गुळाइतकं चटकन दुसरं काही चढावर कामाला येत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या वाडीवर भरून घ्या. खाचरांतून वाहत येणारं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका, त्यात खत आणि औषध उतरलेलं असतं.

चालण्याचा क्रम असा ठेवा: वाट माहीत असलेली पुढं, सगळ्यांत सावकाश चालणारी तिच्या मागोमाग, आणि शिट्टी घेतलेली एक धडधाकट मैत्रीण शेवटी. सावकाश चालणारी मागं राहिली की ती प्रत्येक थांब्यावर पोचते तेव्हा बाकीच्या उठत असतात, म्हणजे तिला विश्रांती मिळतच नाही. लघवीला जायचं तर दोघींनी मिळून, वाट सोडून फार लांब नाही, आणि पाऊल टाकण्याआधी काठीनं गवत आपटून. कातळाच्या कडेला फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं. पॅड वापरले तर कागदात गुंडाळून परत आणायचे. पाळी येईल म्हणून कुणी घरी राहू नये, फक्त बरोबरच्या एकीला सांगून ठेवावं.

साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पायी चालवायचं नाही. पाय हलू न देता उचलून रस्त्याला आणा आणि १०८ ला फोन करा. गवे दिसले तर थांबा, त्यांना जाऊ द्या. फोटोसाठी पुढं सरकू नका, आणि कळप व वासरू यांच्या मधे तर कधीच येऊ नका.

तिसऱ्या दिवशी धनगरवाडा, पांढरेपाणी आणि मग खिंड. हिचं जुनं नाव घोडखिंड. बाजीप्रभू आणि बांदलांच्या लोकांनी इथं वाट अडवून धरली, महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा होईपर्यंत. तीन दिवस पायी आल्यावर अंतर अंगाला कळलेलं असतं, आणि ते लोक हे सगळं रात्रभर चालून, पालखी खांद्यावर घेऊन, पावसात आले होते हे तिथं उभं राहून कळतं. दुपारच्या आधी पोचा म्हणजे तासभर बसता येईल. आत उतरताना शेवाळलेल्या दगडांवर जपून. घसरून पडणं बहुतेक इथंच होतं, कारण चालून पाय थकलेले असतात. आरडाओरडा, गाणी इथं नकोत.

विशाळगडापर्यंत चालायचं असेल तर आणखी अर्धा दिवस धरा. गडावर बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाध्या आहेत. मात्र तिथं प्रशासनाचे निर्बंध अधूनमधून असतात, निघण्याआधी शाहूवाडी तालुक्यात चौकशी करून घ्या.

परतीची गाडी कोल्हापुरातून निघण्याआधीच ठरवा. तिकडं एसटी कमी, आणि संध्याकाळी वडाप, म्हणजे सीटवारी जीपही, मिळेल याचा भरवसा नाही. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरातली जीप बोलावली तर कोल्हापुरातल्या गाडीपेक्षा स्वस्त पडते, आणि मलकापूरला उतरून पुढं एसटीनं येता येतं. ड्रायव्हरला वेळ सांगताना दोन तास उशिराची सांगा आणि गाडीत प्रत्येकीची एक चप्पल आणि कोरडा टॉवेल आधीच पाठवून द्या.