पहिली बिअर, थेट धान्यापासून

मेलबर्नमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करता येते, विकायची मात्र नाही. पुण्याचा भाचा कृती मागतो, त्याला देत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा गुन्हा आहे.

२० लिटरचं स्टीलचं पातेलं, पडद्याच्या विरळ व्हॉइलची मोठी पिशवी आणि थर्मामीटर, बस्स. ही पिशवीची पद्धत मूळ ऑस्ट्रेलियातलीच. १० लिटरसाठी अडीच किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट बार्ली) दुकानातूनच भरडून घ्या. लापशीच्या रव्यासारखं हवं, पीठ नको.

१५ लिटर पाणी ७० अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवी लावून माल्ट ओता, गुठळ्या मोडा. तापमान ६६-६७ वर बसतं. पातेल्याला जुनी रजई गुंडाळा, तासभर ठेवा. मग पांढऱ्या बशीत चमचाभर रस घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. बशीतलं फेकून द्या.

पिशवी निथळून काढा, रस तासभर उकळा. पहिल्या उकळीला फेस झपाट्याने वर येतो, तिथून हलू नका. सुरुवातीला १५ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), शेवटी १०.

पुढे रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, यात सूट नाही. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा, एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बादलीत ओता, अर्धं पाकीट कोरडं एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं) भुरभुरा. १८ ते २० अंशांत दोन आठवडे.

हायड्रोमीटरचा (रसाची घनता मोजणारी नळी) आकडा तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. ७५० मिलीला ४ ग्रॅम साखर. घाई केलीत तर बाटल्या फुटतात.