चवथीच्या देखाव्यात अंतराळ स्थानकाची जोडणी

गोव्यात माशेलात चवथीला हलत्या देखाव्यांना तोटा नाही. यंदा कुणाला अंतराळ स्थानक करायचं असेल तर डिसेंबर १९९८ ची पहिली जोडणी मोहीम, एसटीएस-८८, घ्या. जोडायचे मोठे तुकडे दोनच: रशियात बांधलेलं झार्या आणि अमेरिकेची युनिटी. नंतरच्या मोहिमांतल्या लांबलचक पॅनेलांच्या नादी लागलात तर मांडव पुरणार नाही.

माप मीटरला ४ सेंटिमीटर धरा. झार्याचा व्यास ४.१ मीटर, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप नेमका बसतो. ५० सेंटिमीटर कापा. युनिटी आखूड आणि जाड: १८० चा पाइप, २२ सेंटिमीटर, दोन्ही तोंडांना काळे शंकू. अंतराळवीरांना घेऊन गेलेलं एन्डेव्हर यान दीड मीटर भरतं. त्याचा बांबूचा सांगाडा वाड्यावरची नरकासुर बांधणारी पोरं सहज करतील. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट मारा, भाद्रपदात तो फुगतो.

आता खरी गंमत. झार्या यानातून गेलंच नव्हतं. २० नोव्हेंबरला बैकानूरहून प्रोटॉन रॉकेटने ते आधीच वर गेलं. एन्डेव्हर ४ डिसेंबरला फ्लोरिडातून युनिटी घेऊन निघालं. म्हणून पडदा उघडेल तेव्हा झार्या वर एकटं, तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याला, टांगलेलं हवं, आणि युनिटी यानाच्या उघड्या मालकक्षात उभी. अंतराळवीर नॅन्सी करी यांनी यानाच्या १५ मीटरच्या रोबोटिक हाताने झार्या पकडून युनिटीच्या डोक्यावर आणलं, तेही बरंचसं कॅमेऱ्यांवर बघून, आणि काही इंच वर थांबवलं. पुढचं काम हाताचं नव्हे. कमांडर रॉबर्ट कॅबाना यांनी खालच्या बाजूचे थ्रस्टर, म्हणजे यान सरकवणारी छोटी इंजिनं, पेटवले, यान वर सरकलं आणि युनिटी झार्याला जाऊन भिडली.

तेव्हा मोटारी दोन लागतील. हाताला कप्पी आणि सावकाश फिरणारी गिअर मोटर. झार्या जागेवर आलं की लिमिट स्विचने ती बंद. यानाखाली गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर. तिच्यावर प्लायवुडची चकती बसवा, भोक मध्यापासून अडीच सेंटिमीटर बाजूला. यान बरोबर पाच सेंटिमीटर उचललं जातं. मी मोटारी वाइंड करतो, म्हणून सांगतो: वायपरच्या मोटरला वर्म गिअर असतो, वीज गेली तरी यान धाडकन खाली येत नाही. आणि चवथीत वीज जातेच. दोन्ही शंकूंत लोहचुंबक ठेवा.

युनिटीतला दिवा जोडणी झाल्यावरच पेटवा. तिला वीज झार्याकडूनच मिळाली, अंतराळवीर जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन यांनी यानाबाहेर येऊन तारा जोडल्यावर. त्या दोघांच्या बाहुल्या करा, पण हलवू नका, गुंता होतो. मंडळातलं कुणीतरी धुराचं मशीन मागेलच. सरळ नाही म्हणा, धुरात तंगूस दिसतं.