तीन रात्री, एक सॅक आणि सरकारी बस: बेळगाव जिल्ह्यात कमी पैशात कसं फिरायचं

बॅकपॅकिंग म्हटलं की आपल्याकडची पोरं हंपी, गोकर्ण, नाहीतर एकदम मनाली काढतात आणि मग जाण्यायेण्यातच निम्मे पैसे संपतात. पहिल्यांदाच सॅक पाठीवर टाकून निघणार असाल तर आधी आपल्याच जिल्ह्यात तीन रात्रींचा एक गोल मारा. बेळगाव, खानापूर, हलशी, नंदगड, मग कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, यरगट्टी आणि गोकाक करून परत बेळगाव. गेलेल्या रस्त्यानं परत यायचं नाही, रोज मुलूख बदलतो, आणि काही बिनसलंच तर दोन-तीन तासांत घरी पोचता येतं. घरच्यांनाही हे पटवायला सोपं जातं, तेही महत्त्वाचं आहे की.

आधी पाऊस बघा, मग तारीख

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं जुलैत दिवसेंदिवस संततधार असते आणि पूर्वेला गोकाक, अथणीकडं ढग नुसतेच येऊन जातात. पण गोकाकचा धबधबा तिथल्या पावसावर नाही, घाटात पडलेल्या पावसावर आणि हिडकल धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर वाहतो, म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही कोरड्या कपड्यात उभं राहून घटप्रभा दणादणा कोसळताना बघू शकता. मार्चनंतर गेलात तर तिथं काळा खडक तेवढा बघायला मिळेल. धबधबा पाहिजे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर धरा, चालायला आणि थंडीला पाहिजे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. मात्र मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर अफाट गर्दी असते. यात्राच बघायची असेल तर मुद्दाम जा, नसेल तर कॅलेंडर बघून ते दिवस टाळा कारण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी भाव वाढलेले असतात.

शेवटची गाडी हा सगळ्या प्लॅनचा खुंटा

कमी खर्चाच्या ट्रिपमध्ये पैसे जातात कुठं हे नीट बघितलं तर जेवणावर नाही, तिकिटावर नाही, ते जातात शेवटची गाडी चुकल्यावर. हलशीसारख्या गावात संध्याकाळ झाली आणि बस निघून गेली की मग स्पेशल रिक्षा नाहीतर वडाप, म्हणजे शेअर जीप, भरायची वाट बघत बसायचं, आणि दिवसभर वाचवलेलं तिथं एका फटक्यात जातं. म्हणून कुठल्याही गावात उतरल्या उतरल्या, सॅक खाली ठेवायच्या आधी, कंडक्टरला किंवा स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारायचं, मामा, इथून परतीची शेवटची गाडी कितीला? आणि तिच्या आधीची कितीला? आपला प्लॅन आधीच्या गाडीवर बांधायचा, शेवटची राखून ठेवायची. मोबाईलवर दिसणाऱ्या वेळांवर खेड्यातल्या बसच्या बाबतीत विसंबू नका, चहावाल्याला जास्त माहिती असते.

दुसरी गोष्ट वस्तीची गाडी. बऱ्याच गावांत रात्री उशिरा एक बस येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच बस तालुक्याला परत निघते. ही गाडी कुठं मुक्कामी असते हे कळलं की सकाळ हातात येते, शाळेच्या पोरांची आणि दूधवाल्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत तुम्ही पुढच्या गावाला निघालेले असता.

आणि बायका-मुलींसाठी सांगतो, जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यातल्या राज्यात साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसला तिकीट पडत नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार किंवा तसलंच सरकारी ओळखपत्र जवळ पाहिजे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो ते टाकून देऊ नका, चेकर आला तर दाखवावं लागतं. एसी, स्लीपर गाड्यांना हे चालत नाही. चार मैत्रिणी मिळून हा गोल करत असतील तर प्रवासाचा खर्च जवळजवळ उरतच नाही, मग तो पैसा जरा बऱ्या, सुरक्षित लॉजवर घाला.

पैशाचा हिशोब

दोघं मिळून गेलात तर माणशी दिवसाला सातशे-आठशेत बसवता येतं असा माझा अंदाज, त्यातले निम्मे खोलीचे. एकटे असाल तर खोलीचं भाडं अख्खं अंगावर येतं म्हणून दोघं किंवा चौघं बरं. यूपीआय आता सगळीकडे चालतं पण रेंज सगळीकडे नसते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर नसतेच, त्यामुळे दहा-वीस-पन्नासच्या नोटा रोख ठेवा. रोजची रक्कम सकाळी एका खिशात, बाकीची सॅकच्या आत. एका दिवसाचं वाचलं तर ते दुसऱ्या दिवशी चांगल्या जेवणावर खर्च करा, साठवत बसू नका.

सॅकमध्ये काय

दोन जोड कपडे, एक जाड चादर, टॉवेलऐवजी पंचा, टॉर्च, पावसाळ्यात एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी सॅकच्या आतून, पाण्याची बाटली, गोळ्या-औषधं. बस. सॅक भरून झाली की ती घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून या, खांदा बोलायला लागला तर अजून काहीतरी काढा.

खाण्याचं मात्र मनापासून सांगतो. आपल्याकडची कडक भाकरी हे सॅकमधलं सगळ्यात शहाणं खाणं आहे. ज्वारीची पातळ थापलेली, तव्यावरून काढून परत मंद आचेवर पार कोरडी केलेली, पापडासारखी. पाण्याचा अंश राहिला नाही की ती कितीतरी दिवस टिकते. पण मोडते, म्हणून भाकरीच्या मापाचे दोन गोल पुठ्ठे कापायचे, मधे भाकऱ्यांची चळत, वरून सुती फडक्यात घट्ट गाठ, आणि ते सॅकमध्ये पाठीला लागून उभं ठेवायचं. सोबत शेंगा चटणी, सुकी, लसूण जरा जास्त घातलेली. वाटेत दहा-वीस रुपयांचं दही घेतलं की दुपारचं जेवण झालं, आणि हे जेवण हलशीच्या देवळाबाहेर सावलीत बसून खाताना हॉटेलची आठवणसुद्धा येत नाही. गोडाला शेंगापोळी न्या, तीही टिकते.

रात्री मात्र गरम जेवा. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडं लिंगायत खानावळी असतात, भाकरी, एणगाई म्हणजे भरलेलं वांगं, उसळ, कच्ची मेथी-कांदापात, आणि वाढणारे आग्रहानं वाढतात. पुरे झालं तर साकू म्हणायचं.

मुक्काम कुठं

पहिली रात्र खानापूरला, दुसरी सौंदत्तीला, तिसरी गोकाकला. तालुक्याच्या गावी स्टँडजवळ साध्या लॉज असतात. खोली आधी बघायची, नळाला पाणी आहे का, कडी आतून नीट लागते का हे तपासायचं आणि मगच भाडं बोलायचं. सौंदत्तीला डोंगरावर देवस्थानाकडं भक्तांसाठी खोल्या आहेत. देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपायची वेळ आलीच तर पुजारी, गुरुजी, पंचायतीचं कोणीतरी, यातल्या एकाला विचारल्याशिवाय पथारी टाकू नका. विचारलं की लोक नाही म्हणत नाहीत सहसा, उलट चहा आणून देतात.

तंबू घेऊन जंगलात राहायचा विचार असेल तर इथं नको. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, हत्तीही येतात, आणि भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तिथल्या बारापेडे गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं आहेत, त्यांना आपण त्रास द्यायला जायचंच कशाला. तसंच कॅसलरॉकला उतरून रुळावरून दूधसागरला चालत जाणं, बंदी आहे ती जीव जातात म्हणून आहे. लोंड्याहून गोव्याच्या गाडीत बसा, खिडकीतून दिसतो तो.

आता प्रत्यक्ष गोल

पहिल्या दिवशी सकाळी लवकर खानापूर आणि तिथून हलशी. हे एकेकाळी कदंब राजघराण्याचं राजधानीचं गाव. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाकडं तोंड करून उभं राहिलं की दुसरा देव पाठीशी, असं देऊळ इतक्या जवळ असून बेळगावातल्या किती जणांनी बघितलंय? घाई करू नका, दोन तास द्या. मग नंदगड. कित्तूरसाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला इथंच फाशी दिली, समाधी इथं आहे.

दुसऱ्या दिवशी कित्तूर आणि बैलहोंगल, म्हणजे तीच गोष्ट उलट्या बाजूनं वाचायची. ज्या कित्तूरसाठी रायण्णा लढला तिथला पडका वाडा आणि म्युझियम बघा, 1824 च्या ऑक्टोबरमध्ये राणी चन्नम्माच्या फौजेनं इंग्रज कलेक्टर थॅकरेला इथंच मारलं होतं. पुढं बैलहोंगलला चन्नम्माची समाधी, कैदेत तिचा शेवट तिथंच झाला. शाळेत चार ओळीत संपलेलं हे सगळं एकामागोमाग गावं बघत गेलं की मनात बसतं, आणि खर्च काय तर बसचं तिकीट. संध्याकाळपर्यंत सौंदत्ती.

तिसऱ्या दिवशी पहाटे यल्लम्माचं दर्शन, उन्हं चढायच्या आत. मग नविलुतीर्थाचं धरण. हे पाणी मलप्रभेचं, कणकुंबीला उगम पावून खानापूरच्या पुलाखालून वाहणारी हीच नदी, तीन दिवसांत ती परत भेटते. दुपारच्या बसनं यरगट्टीवरून गोकाक.

चौथ्या दिवशी गोकाकचा फॉल्स, गावापासून सहा-सात किलोमीटर, लोकल बस आहे. सकाळी जा, गर्दी नसते. झुलता पूल चालू असेल तरच त्याच्यावर जा आणि पावसाळ्यात कठड्याच्या पलीकडं खडकावर उतरू नका, शेवाळावरून पाय गेला की धरायला काही नाही. वेळ उरला तर मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबाही या भागातच आहे, पण तिथं गाड्या कमी, त्यामुळे परतीचं आधी विचारून मगच निघा.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. खानापूरपर्यंत मराठी सरळ चालते, पुढं कन्नड वाढत जातं, बसच्या पाट्या तर कन्नडमध्येच असतात. गाव ओळखायला पाटीचा फोटो काढून कोणालाही दाखवा. येष्टु म्हणजे किती, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, आणि हाक मारताना अण्णा, अक्का, एवढ्यावर माणसं स्वतःहून पुढचं बोलायला लागतात.

गोकाकचा करदंट, म्हणजे सुकामेव्याची तिथली मिठाई, घरी न्यायचा असेल तर तो चौथ्या दिवशी, बेळगावची बस पकडायच्या आधी घ्या, तोवर भाकऱ्या संपून सॅकमध्ये जागा झालेली असते.