सीए फायनल: सिलॅबस पूर्ण होतो पण पेपरच्या आदल्या दिवशी काहीच आठवत नाही (माझा अनुभव)

प्रॉब्लेम असा की आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातलं ट्रेनिंग) करत ग्रुप १ चे (फायनलच्या पहिल्या गटाचे) तिन्ही विषय एकदा वाचून व्हायचे, पण ऑडिटला पोचेपर्यंत एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) कोरा. दोन अटेम्प्ट गेले, दुसऱ्यात एफआरला ३८, म्हणजे पासच्या ४० साठी २ कमी, डोकं फिरलं होतं.

पहाटे ४ ला उठून बघितलं (ऑफिसात डुलक्या), रंगीत टाइमटेबल केलं, चार दिवस टिकलं.

शेवटी उलटं प्लॅनिंग केलं. दोन पेपरांत साधारण एकच दिवस मोकळा असतो, आजूबाजूचा वेळ धरून दीड, तर आधी प्रत्येक विषयाचं दीड दिवसात उलटून होईल एवढंच मटेरियल ठरवलं, बाकी पुस्तकं कपाटात. मग पहिल्या वाचनातच चुकलेल्या प्रश्नांवर खूण. सकाळी दीड तास फक्त गणितं, पेन हातात धरून, रात्री एक तास ऑडिट नाहीतर एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न), कारण ते १०० पैकी ३० मार्कांचे असतात. रविवारी १८० मिनिटं लावून मॉक (सराव पेपर), म्हणजे मार्काला १.८ मिनिटं, वेळ संपली की प्रश्न सोडायचा (हे सगळ्यात जड गेलं). शेवटच्या महिन्यात दुसरी उजळणी फक्त खुणांची, जो विषय दीड दिवसात बसला नाही त्याच्या खुणा परत कापल्या.

तिसऱ्या वेळी एफआर ५६, ग्रुप निघाला.