स्पेअर पार्ट गुंडाळताना गोणपाट नको

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवाच ओली. त्यात इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीनं फिरणारा दांडा) किंवा लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) गोणपाटात गुंडाळून ठेवला की गंज ठरलेलाच, कारण गोणपाट ओल धरून ठेवतं. पावसाळ्याआधीच, उघडीप असताना पार्ट डिझेलनं धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असतं; माझ्या एका क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) अंगठ्याचा ठसा रेघांसकट तांबडा उमटला होता! हातमोजे घालून गंजरोधक तेल लावा, ऑइलच्या भोकांतही सोडा. वर व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद), मग जाड प्लॅस्टिक, तोंड चिकटपट्टीनं बंद. रबरी सील वेगळे ठेवा, त्यांना डिझेल-तेल नको. फरशीवर नाही, फळीवर. दिवाळीत एकदा उघडून बघा.